जिन्यातला दिवा बेरीज करतो

जिन्याच्या पायथ्याशी बटण दाबलं, दिवा लागला. वर पोचल्यावर दुसरं बटण दाबलं, दिवा विझला. पण थांबा, खालचं बटण तर अजून ‘चालू’च आहे ना? मग वरच्याने दिवा विझलाच कसा?

कारण या बटणांना ‘चालू’ आणि ‘बंद’ अशा बाजूच नसतात! साध्या स्विचला दोन टर्मिनल. तो जोडतो नाहीतर तोडतो. टू-वे स्विचला तीन. ‘कॉमन’वर आलेला फेज तो दोनपैकी एका वायरीवर वळवतो, रेल्वेच्या सांध्यासारखा. खालच्या आणि वरच्या बोर्डामध्ये या दोन वायरी धावतात. दोन्ही सांधे एकाच वायरीवर असले की दिवा लागतो, वेगवेगळ्या वायरींवर असले की अंधार. आता कुठलंही एक बटण हलवा: जुळलेलं मोडतं, मोडलेलं जुळतं. तिसरं काही घडूच शकत नाही. ना चिप, ना सेन्सर!

जुन्या घरात हे करायला नव्या वायरी किती लागतात? बहुधा तीनच. खालचा स्विच काढून तिथे टू-वे बसवायचा, त्याच्या कॉमनला फेज. वरच्या टू-वेपर्यंत दोन वायरी, आणि वरच्या कॉमनपासून दिव्याच्या जुन्या वायरीपर्यंत परतणारी तिसरी. न्यूट्रल होता तसाच. (काम मात्र वायरमनकडूनच, मेन स्विच बंद करून, 230 व्होल्ट जीव घेऊ शकतात.)

आणि मजले दहा असले तर? मधल्या आठ मजल्यांवर चार टर्मिनलांचे इंटरमीडिएट स्विच. दाबला की त्या दोन वायरींची अदलाबदल होते, बस्स. कुठल्याही मजल्यावरून दिवा हुकमी लागतो, हुकमी विझतो.

1937 साली अमेरिकेत एमआयटीमधल्या 21 वर्षांच्या क्लॉड शॅननने आपल्या प्रबंधात दाखवलं, की स्विचांची अशी जोडणी म्हणजे जॉर्ज बूलचं तर्काचं बीजगणितच आहे, आणि तिच्याकडून गणितही करून घेता येतं. आपल्याच जिन्यात पाहा ना! एका टोकाच्या दोन वायरींची अदलाबदल केली, की बटणं वेगवेगळ्या बाजूंना असतानाच दिवा लागेल. बटण खाली म्हणजे 1, वर म्हणजे 0 धरा. 0 अधिक 0, दिवा बंद. 0 अधिक 1, दिवा चालू. 1 अधिक 1? द्विमान पद्धतीत उत्तर 10, म्हणजे एकंस्थानी शून्य. आणि दिवा बंद! हातच्याला वेगळं सर्किट लागतं, पण संगणक बेरजेतला एकंस्थानचा अंक काढतो तो याच तर्काने.