होडीचा कागद आहे, पाटीचा कागद कुठे?



दसरा होऊन गेला, भातकापणी सुरू आहे आणि झोडणी आटपेपर्यंत कुणालाच उसंत नाही. मग तुळशीचं लग्न, जत्रा, दशावतार. या धांदलीत 2 ऑक्टोबरची ग्रामसभा येऊन गेली. ग्रामपंचायत सदस्य म्हणून मी टेबलाच्या या बाजूला बसले होते. समोर आपल्या गटांतल्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या.

सभेत मासेमारीवर तासभर चर्चा झाली. एलईडीच्या बोटी, पर्ससीन, जेटीवरचा गाळ. सगळे पुरुषच बोलत होते. शेवटी मागे बसलेली, रोज बाजारात पाटी घेऊन जाणारी एक काकी उठली आणि म्हणाली, "होडी घोवाच्या नावार, पाटी माझ्या डोक्यार. मगे माझो कागद खंय आसा?"

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. नंतर विचारपूस केली, कागद वाचले. जे कळलं ते तुम्हाला सांगते.

कायदा होडीकडे बघतो

आपल्या राज्याचा सागरी मासेमारीचा कायदा 1981 चा. 2021 मध्ये तो बदलला आणि दंड वाढले. एलईडी लावून मासेमारी केली तर आता 5 लाखांपासून 20 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हा बदल आपल्याही फायद्याचाच आहे. किनाऱ्याजवळचा मासा संपला तर रापण रिकामी येते आणि आपली पाटीही रिकामी राहते.

पण परवाना होडीला, डिझेलचा परतावा होडीला. 2021 च्या मे महिन्यात तोक्ते वादळ आलं, तेव्हाही मदत मोजली गेली ती होड्यांची आणि जाळ्यांची. वाळत घातलेली मासळी भिजून गेली, बाजार बंद पडला, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

याची दुसरी बाजूही आहे. 2019 च्या दिवाळीत क्यार आणि त्यामागून महा वादळ आलं. त्याचं पॅकेज 2020 मध्ये जाहीर झालं, तेव्हा मासळी विकणाऱ्या बायकांनाही शीतपेट्यांसाठी मदत धरली होती. म्हणजे बायकांना मोजलं की मदत मिळते.

2025 च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. शेतकऱ्याप्रमाणे कर्ज, विमा, विजेचा दर मिळावा, हा त्यामागचा हेतू. मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्ड आधीपासून मिळतं. ठरलेल्या मर्यादेतलं कर्ज वेळेत फेडलं तर व्याज 4 टक्के पडतं. त्याच्या नियमांत बचत गट आणि महिला गटांची नावं स्पष्ट लिहिलेली आहेत. पण समुद्रातल्या मासेमारीसाठी होडीची नोंदणी आणि परवाना मागतात. म्हणून बँकेत पहिला प्रश्न येतो, "होडी कुणाच्या नावावर?" आणि आपण परत फिरतो.

पाटीचा कागद करायचा कसा?

पहिलं काम नोंदणीचं. केंद्र सरकारचा राष्ट्रीय मत्स्य डिजिटल मंच 2024 मध्ये सुरू झाला. त्याला एनएफडीपी म्हणतात. त्यात मासे पकडणाऱ्यांबरोबर मासे विकणाऱ्या आणि प्रक्रिया करणाऱ्यांचीही नोंद होते. म्हणजे सुकी मासळी करणारी बाईसुद्धा आली. सीएससी केंद्रात आधार, आधारला जोडलेला मोबाईल आणि स्वतःचं बँक पासबुक घेऊन जा. मोबाईल मुलाचा आणि खातं नवऱ्याचं असेल, तर आधी ते सुधारा.

दुसरं काम, ज्या शहरात जाऊन विकतात त्यांच्यासाठी. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडीला नगरपरिषद आहे. कुडाळ, कणकवलीला नगरपंचायत. तिथे पथविक्रेत्यांचा 2014 चा कायदा लागू होतो. सर्वेक्षण होऊन विक्रीचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत विक्रेत्याला जागेवरून हटवू नये, असं तो कायदा सांगतो. शहराच्या पथविक्रेता समितीत 40 टक्के जागा विक्रेत्यांच्या आणि त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. आपण राहतो खेड्यात, पण विकतो शहराच्या हद्दीत, म्हणून सर्वेक्षणात आपलंही नाव यायला हवं. प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र असेल तर पीएम स्वनिधीचं कर्ज मागता येतं. 2025 च्या ऑगस्टमध्ये त्याचा पहिला हप्ता 10 हजारांवरून 15 हजार केला.

तिसरं, ज्या गावातच विकतात त्यांचं. पथविक्रेत्यांचा कायदा शहरांचा. गावात बाजाराची जागा, पाणी, निवारा हे ग्रामपंचायतीच्या हातात. तिथे आपलं शस्त्र एकच, ते म्हणजे ग्रामसभेचा ठराव.

26 जानेवारीच्या आधी

जिल्हा परिषद आणि पंचायत समितीवर मार्च 2022 पासून काही वर्षं प्रशासक होते. तिथे आपलं गाऱ्हाणं मांडायला निवडून दिलेला माणूस तेव्हा नव्हता. तेव्हा ग्रामसभा सोडू नका. पुढची 26 जानेवारीला आहे आणि पुढच्या वर्षाचा गावाचा आराखडा याच हंगामात तयार होतो.

प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, असं कायदाच सांगतो. पुष्कळदा ती फक्त वहीत होते. घरोघर सह्या फिरवल्या की झाली सभा! अशा वहीवर सही करू नका. सभेची तारीख ग्रामसेवकांना विचारा आणि भात झोडून झालेलं असेल अशी वेळ मागून घ्या.

सभेला जाताना मागणी लिहून न्या. "मासळी विक्रीच्या जागी बायकांसाठी शौचालय आणि नळ द्यावा, गावातल्या मासळी विकणाऱ्या व सुकवणाऱ्या सर्व महिलांची यादी ग्रामपंचायतीने करावी," एवढं पुरे. पैसे नाहीत असं उत्तर आलं तर सांगा, वित्त आयोगाच्या निधीतला काही भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला असतो. शौचालय आणि नळ त्यातच बसतात. हीच मागणी ग्रामसंघाच्या गाव समृद्धी आराखड्यातही घाला, म्हणजे ती दोन वाटांनी पंचायतीत पोचेल. आणि ठरावाची नक्कल मागून घ्या. तोंडी "बघूया" म्हणजे ठराव नव्हे.

ग्रामसभेची गणपूर्ती 100 मतदारांची किंवा एकूण मतदारांच्या 15 टक्क्यांची, यातली जी संख्या कमी असेल ती. गावात दहा बारा गट असले तर आपण बायका आलो तरी गणपूर्ती होते.

आता एकच काम करा. येत्या गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की वहीच्या मागच्या पानावर लिहा: कोण मासे विकते, कुठे विकते, कोण सुकवते, कोणाचं खातं स्वतःच्या नावावर आहे. ती यादी ग्रामसंघात द्या. मी माझ्या गटाची सुरू केली आहे. पहिलं नाव त्या काकीचं आहे.

जत्रेत भेटूच. दिवाळीच्या शुभेच्छा!

तुमचीच,
गटातली एक ग्रामपंचायत सदस्य