ॲडमिशन ऑफिसात करिअर होत नाही?

“ॲडमिशन ऑफिसातली माणसं अर्ज गोळा करतात आणि प्रोफेसरांकडे पाठवतात. त्यात कसलं आलंय करिअर?” अमेरिकेत एमएस किंवा पीएचडीला निघालेल्या मुलांच्या घरांत हे वाक्य सर्रास ऐकू येतं. तिकडे शिकून विद्यापीठाच्या प्रशासनातच काम करू इच्छिणाऱ्यांनाही तेच ऐकवलं जातं. ‘ओपन डोअर्स’ अहवालानुसार २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांतले १,९६,५६७ पदवीनंतरच्या अभ्यासक्रमांत होते. एवढ्या मुलांची वाट ज्या खात्यातून जाते, तिथे काय चालतं याची चौकशीही न करता आपण त्याला कारकुनी म्हणून मोकळे होतो, याची चीड येते.

एकच फाइल जवळून पाहू. मुंबई विद्यापीठाची जुन्या पद्धतीची गुणपत्रिका आहे: तीन वर्षांची बीएस्सी, ६२ टक्के, फर्स्ट क्लास. अमेरिकेतल्या अनेक ग्रॅज्युएट स्कूल्सची किमान अट चारपैकी तीन जीपीए अशी असते. काम न शिकलेला माणूस ६२ ला २५ ने भागेल, उत्तर २.४८ येईल आणि अर्ज बाद होईल. आपल्याकडे ६० टक्क्यांना प्रथम वर्ग मिळतो, परीक्षक हात राखून गुण देतात, त्यामुळे तिकडचे ६२ आणि इकडचे ६२ एका मापाने मोजायचे नसतात, हे जाणकाराला ठाऊक असतं. मग पुढचा प्रश्न येतो: तीन वर्षांची पदवी चार वर्षांच्या तोडीची धरायची, की एमएस्सीचं एखादं वर्ष मागायचं? याबाबत प्रत्येक विद्यापीठाचं धोरण वेगळं असतं आणि ते कुणालातरी देशोदेशींच्या शिक्षणपद्धती अभ्यासून, पुराव्यानिशी लिहावं लागतं. शिवाय हिशोबाचा भाग आहेच. ४० जागांसाठी ४० पत्रं पाठवून भागत नाही, कारण निवडलेले सगळे येत नाहीत. किती येतील हा अंदाज चुकला, तर एकतर वर्ग रिकामे राहतात किंवा असिस्टंटशिपचे पैसे पुरत नाहीत. कारकुनाकडून आपण असल्या जबाबदारीची अपेक्षा करतो का?

यावर नेहमीचा आक्षेप असा, की निवड शेवटी प्राध्यापकच करतात. पीएचडीच्या बाबतीत ते बहुतांशी खरं आहे आणि नेमकं तिथेच या कामाचं महत्त्व कळतं. ज्युली पॉसेल्ट या संशोधिकेने नामांकित विद्यापीठांतल्या दहा पीएचडी कार्यक्रमांचा अभ्यास करून २०१६ मध्ये ‘इनसाइड ग्रॅज्युएट ॲडमिशन्स’ हे पुस्तक लिहिलं. अर्जांच्या पहिल्या चाळणीत निवड समित्या जीआरईच्या गुणांवर किती विसंबतात, हे त्यात सविस्तर आलं आहे. केवळ जीआरईचा आकडा कमी आहे म्हणून कुणाला नाकारू नका, असं ती परीक्षा घेणारी ईटीएस स्वतःच सांगते. विद्वान प्राध्यापक आपल्या विषयात पारंगत असतात. अर्ज वाचणं हा त्यांचा विषय नसतो. अर्जात काय विचारायचं, गुणपत्रिका कशी वाचायची, सर्व अर्जांना एकच कसोटी कशी लावायची, हे समितीला शिकवणारा माणूस ॲडमिशन ऑफिसातलाच असतो. निर्णयाचा हक्क त्याच्याकडे नसेल, पण तो कशाच्या आधारावर घेतला जाईल हे बरंचसं तोच ठरवतो.

आता संघटनांकडे वळू, कारण त्यांच्याबद्दलचा गैरसमज याच समजाची दुसरी बाजू आहे. अधिवेशनं, हॉटेलं आणि बायोडेटात घालायला एक पद, एवढंच त्यांचं चित्र डोळ्यांपुढे असतं. पण थेट ‘ग्रॅज्युएट ॲडमिशन’ची पदवी घेऊन या नोकरीत येणारं जवळपास कुणी नसतं. कुणी इतिहास शिकलेला असतो, कुणी समाजशास्त्र, कुणी उच्चशिक्षण प्रशासन. मग हे काम शिकायचं कुठे? उत्तर संघटनांमध्ये आहे. रजिस्ट्रार आणि प्रवेश अधिकाऱ्यांची ‘ॲक्रो’ १९१० पासून आहे; परदेशी पदव्या कशा तोलाव्यात याची माहिती ती ‘एज’ या संग्रहातून पुरवते. वर सांगितलेल्या ६२ टक्क्यांची उकल करायला अधिकारी अशाच साधनांकडे वळतात. खास पदवीनंतरच्या प्रवेशांचं काम करणाऱ्यांची ‘नॅगॅप’ १९८७ मध्ये स्थापन झाली. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या १५ एप्रिलच्या ठरावामुळे, त्यावर सही केलेल्या विद्यापीठांना आर्थिक मदतीच्या देकाराचं उत्तर त्या तारखेआधी विद्यार्थ्याकडून वसूल करता येत नाही. पुण्या-नागपुरातली मुलगी तीन देकार शांतपणे तोलू शकते, ते या ठरावाच्या बळावर. असे नियम समित्यांवर बिनपगारी राबणारी माणसं घडवतात.

संघटनांचे नियम कागदोपत्रीच राहतात, असं म्हणणाऱ्यांनी २०१९ आठवावं. पदवीपूर्व प्रवेशांच्या ‘नॅकॅक’ या संघटनेच्या आचारसंहितेतली काही कलमं महाविद्यालयांमधली स्पर्धा रोखतात, असं सांगत अमेरिकेच्या न्याय विभागाने त्या डिसेंबरात तिच्याविरुद्ध दावा दाखल केला आणि तडजोडही त्याच वेळी झाली. ती कलमं संघटनेने आधीच सप्टेंबरात मतदान घेऊन काढली होती. ज्या नियमांची दखल न्याय विभागाला घ्यावी लागते, ते लिहिणाऱ्यांचं पद शोभेचं कसं असेल? उलट त्या खुर्चीवरच्या माणसाला स्पर्धाविषयक कायदाही समजावा लागतो. मात्र पद मिळालं म्हणून नोकरीत बढती आपोआप होत नाही. इतर विद्यापीठं तीच अडचण कशी सोडवतात हे तिथे आतून कळतं, हा खरा लाभ.

बाकीचे समज थोडक्यात. ‘ओळख असली की काम होतं’: पीएचडीच्या अर्जावर समिती विचार करते, तिथे ऑफिसातली ओळख प्रवेश मिळवून देत नाही. ‘शिक्षणशास्त्राचीच पदवी लागते’: उपयोगी पडते, सक्तीची नसते. ‘जीआरई सगळीकडे लागतेच’: कित्येक अभ्यासक्रमांनी ती ऐच्छिक केली किंवा काढूनच टाकली.

‘डोकी मोजून कमिशन मिळतं’ हा समज मात्र एका ओळीत संपत नाही. संघराज्याची विद्यार्थी-मदत घेणाऱ्या संस्थांना प्रवेशांच्या संख्येवर कमिशन किंवा बोनस देण्याची अमेरिकी कायद्याने १९९२ पासून बंदी आहे. पण त्यात एक पळवाट आहे: ही मदत मिळण्यास अपात्र आणि परदेशात राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या भरतीला ती बंदी लागू नाही. म्हणून आपल्या गावातला कन्सल्टंट विद्यापीठाकडून दर डोक्यामागे पैसे घेऊ शकतो; तिथल्या ऑफिसातल्या अधिकाऱ्याला मात्र अमेरिकी विद्यार्थ्यांच्या प्रवेशांवर तसं काही मिळवता येत नाही. कमिशनचा संशय घ्यायचाच असेल, तर सल्ल्यासाठी समोर बसलेल्या माणसाला आधी विचारा, की त्याला पैसे कोण देतं.