पिशवी, अंडाशय आणि मेंदूचे आरोग्य

खानदेशात खेडोपाडी "पिशवी काढली" हे शब्द दात काढल्याइतक्या सहजपणे बोलले जातात. हे ऑपरेशन काही वेळा जीव वाचविते, हे खरे. परंतु त्याबरोबर अंडाशयही काढले तर त्याचा परिणाम मेंदूपर्यंत पोहोचू शकतो, हे आपल्या आयाबहिणींना सहसा कोणी सांगत नाही. ते सोप्या शब्दांत मांडण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

अंडाशयात इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक तयार होते. ते रक्तातून सर्व शरीरात फिरते, पण ज्या पेशीत त्याचा 'ग्राही' असेल तेथेच मुख्यतः काम करते. ग्राही म्हणजे कुलूप आणि संप्रेरक म्हणजे किल्ली, असे समजावे. या ग्राहींचे अल्फा व बीटा असे दोन प्रमुख प्रकार आहेत. बीटाचा शोध 1996 साली स्वीडनमध्ये लागला. दोन्ही प्रकार मेंदूतही आढळतात.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी पहारा करतात. जंतू किंवा इजा दिसताच त्या दाह निर्माण करणारी रसायने सोडतात. थोडा वेळ हा दाह उपयोगी असतो. तो दीर्घकाळ धुमसत राहिला तर निरोगी चेतापेशींचेही नुकसान होते. इस्ट्रोजेन ग्राहीला चिकटले की ही जोडी पेशीकेंद्रात दाहाच्या जनुकांना आवर घालते. अंडाशय काढले की हा लगाम सैल पडतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या 2007 सालच्या अभ्यासात, पाळी जाण्याआधी अंडाशय काढलेल्या स्त्रियांत पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक आढळला.

मग नंतर गोळ्या घेतल्या तर? तसेही सोपे नाही. अमेरिकेतच 65 वर्षांवरील स्त्रियांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र दिले असता स्मृतिभ्रंश घटण्याऐवजी वाढला, असे 2003 साली जाहीर झाले. म्हणजे वय व वेळ यांना फार महत्त्व आहे.

हा प्रश्न दूरचा नाही. 2019 साली बीड जिल्ह्यात सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. आपल्या खानदेशातूनही कुटुंबे ऊसतोडीला जातात. बुडणारी मजुरी आणि पाळीचा त्रास या दोहोंच्या कात्रीत सापडलेली बाई लवकर "हो" म्हणते.

बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा दिला होता. स्त्रीच्या शरीराची काळजी ही समाजाची जबाबदारी आहे, हाच त्याचा अर्थ. तथागतांनीही कालामांना ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, असे सांगितले. आम्ही डॉक्टर नव्हेत. तरी प्रत्येक घराने एवढे तीन प्रश्न अवश्य विचारावेत : ऑपरेशन खरोखर आवश्यक आहे काय? औषधाने भागणार नाही काय? आणि अंडाशय ठेवता येतील काय? शिकलेल्या मुलामुलींनी आईसोबत दवाखान्यात जावे व हे प्रश्न स्वतः विचारावेत.