नांदेड ते लातूर : नऊ मिनिटांत?

उमरीच्या एका शाळेत नववीच्या वर्गाशी वेगाविषयी बोलत होतो. उदाहरण मुद्दाम जवळचे घेतले : नांदेड विमानतळावरून निघालेले विमान लातूर विमानतळावर किती वेळात पोहोचेल?

आधी अंतर काढू. नांदेड विमानतळ १९.१८° उत्तर, ७७.३२° पूर्व येथे आहे आणि लातूरचा १८.४१° उत्तर, ७६.४७° पूर्व येथे. अक्षांशांत फरक ०.७७ अंशाचा. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ कि.मी. भरतो, म्हणून दक्षिणोत्तर अंतर ८५.५ कि.मी. रेखावृत्ते मात्र ध्रुवांकडे जवळ येत जातात. त्यामुळे आपल्याकडे रेखांशाचा एक अंश १०५ कि.मी.च भरतो. ०.८५ अंशाचे ८९.३ कि.मी. झाले. एवढ्या लहान अंतरासाठी जमीन सपाट मानून पायथागोरसचा सिद्धांत लावला, तर कर्ण येतो सुमारे १२४ कि.मी.

जेट विमानाचा वेग ताशी ८०० कि.मी. धरून मुलांनी भागाकार केला. उत्तर आले नऊ मिनिटे. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "सर, मग ते वर कधी चढणार अन् खाली कधी येणार?"

भागाकार बरोबर होता. आमचे गृहीतच चुकले होते. ताशी ८०० कि.मी. हा वेग सुमारे १० कि.मी. उंचीवरच्या विरळ हवेतला. उतरताना विमान साधारण ३ अंशांच्या उताराने येते. या उताराने १० कि.मी. खाली यायला जमिनीवरचे सुमारे १९० कि.मी. अंतर लागते. आपले तर सगळे अंतरच १२४! म्हणजे हे विमान तेवढ्या उंचीवर जाणारच नाही. शिवाय ३ कि.मी.च्या खाली वेग सामान्यतः २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ कि.मी.च्या आत ठेवावा लागतो.

अशा अंतराला पंख्याचे छोटे विमान सोयीचे. समजा, चढण्याचे ४० कि.मी. आणि उतरण्याचे ४० कि.मी. त्याने ताशी सरासरी ३०० कि.मी. वेगाने कापले आणि मधले ४४ कि.मी. ताशी ४८० वेगाने. वेळ झाला ८ + ५.५ + ८ = २१.५ मिनिटे. सरासरी वेग ताशी सुमारे ३४६ कि.मी. वेळापत्रकातला वेळ याहूनही जास्त असतो, कारण विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा काळ त्यात धरतात. धावपट्टीच्या दिशेला येण्यासाठी घ्यावा लागणारा वळसा वेगळाच.

अंतर जितके कमी, तितका हा परिणाम मोठा. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही जगातली सर्वांत छोटी नियमित विमानसेवा आहे. अंतर फक्त २.७ कि.मी. दीड मिनिटात ते कापले, तरी सरासरी वेग पडतो ताशी १०८ कि.मी. त्या छोट्या विमानाचा नेहमीचा वेग याच्या दुपटीहून अधिक आहे.

उमरीच्या मुलांना हे रेल्वेने चांगले माहीत आहे. प्रत्येक स्थानकावर थांबणारी पॅसेंजर मधे कितीही जोरात धावली, तरी तिचा सरासरी वेग कमीच राहतो.

वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग : मैदानावर २० मीटर आणि १०० मीटर अंतर आखा. एकाच मुलाला दोन्ही अंतरे उभ्या स्थितीतून पळायला लावा, वेळ मोजा आणि सरासरी वेग काढा. दोन उत्तरे वेगळी का आली, हे मुलांनाच सांगू द्या. आणि पुढच्या वेळी वेगाचे गणित घालताना 'वेग स्थिर आहे असे समजा' हे शब्द फळ्यावर लिहायला विसरू नका.