डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा : आधी निदान, मग पार्ट

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या समाजातील अनेक कारागीर आहेत. उस्तादाच्या हाताखाली तयार झालेला मिस्त्री इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखत असे. आता गाडीत कॉम्प्युटर आला आहे. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला की गिऱ्हाईक घाबरते आणि कंपनीच्या वर्कशॉपची वाट धरते. हा दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे नीट समजून घेतले तर हे काम आपल्या गॅरेजमध्येच राहू शकते, असे आम्हास वाटते.

या दिव्यामागे ओबीडी नावाची यंत्रणा असते. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ सक्तीची झाली. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना ती १ एप्रिल २०१३ पासून लागू झाली. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस १६ पिनांचा सॉकेट असतो. त्याला स्कॅनर जोडला की दोषाचा कोड दिसतो.

येथेच बहुतेकांची चूक होते. कोड म्हणजे खराब पार्टचे नाव, असे समजून नवा पार्ट आणला जातो. खरे तर कोड हा तापासारखा आहे. ताप आल्याचे थर्मामीटर सांगते. मलेरिया की टायफॉईड, ते हकीमालाच शोधावे लागते.

पी०३०१ या कोडचे उदाहरण घेऊ. त्याचा अर्थ एवढाच की, पहिला सिलिंडर मिसिंग करीत आहे. दोष कॉईलचा, प्लगचा, इंजेक्टरचा, वायरिंगचा किंवा कॉम्प्रेशनचाही असू शकतो. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल असलेल्या गाडीत पैसा खर्च न करता तपास करता येतो. इग्निशन बंद करून पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरच्या कॉईलची अदलाबदल करावी, कोड पुसावा आणि गाडी चालवून पाहावी. आता पी०३०२ आला, तर दोष कॉईलसोबत दुसऱ्या सिलिंडरवर गेला. म्हणजे कॉईल खराब. पुन्हा पी०३०१ च आला, तर हीच रीत प्लगसाठी वापरावी. त्यानेही उलगडा झाला नाही, तर इंजेक्टर, वायरिंग व शेवटी कॉम्प्रेशन पाहावे. मात्र एका वेळी एकच वस्तू बदलावी; दोन बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही.

पी०१७१ हा कोड मिश्रणात पेट्रोल कमी व हवा जास्त असल्याचे सांगतो. तो दिसताच ऑक्सिजन सेन्सर बदलण्याची घाई करू नये; बिचारा सेन्सर बहुधा खरेच सांगत असतो. स्कॅनरवर 'फ्युएल ट्रिम'चे आकडे पाहावेत. आत येणारी हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत हा आकडा आयडलिंगला जास्त आणि रेस दिल्यावर कमी होत असेल, तर व्हॅक्युम पाईप फाटला आहे का किंवा मॅनिफोल्डमधून हवा शिरते का, ते तपासावे. लोड आल्यावर आकडा वाढत असेल, तर फिल्टर व पेट्रोल पंपाचे प्रेशर पाहावे. एखादा फाटका रबरी पाईप किरकोळ किमतीत बदलून होतो. नवा सेन्सर गिऱ्हाइकाच्या खिशाला जड जातो.

गाडीवाल्यांनीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश गॅरेजपर्यंत न्यावी. दिवा लुकलुकत असेल, तर वेग कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी. अशा वेळी न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो व निकामी होतो. ऑईल प्रेशरचा किंवा तापमानाचा लाल दिवा ही वेगळी बाब आहे. तो लागताच इंजिन बंद करावे.

आता जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्या बंधूंसाठी. स्कॅनरचे एक बटण दाबले की दिवा विझतो. दोष मात्र तसाच राहतो आणि काही दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. तोवर गाडी विकून मोकळे होणारे लोक आहेत. घेणाऱ्याने आधी चावी 'ऑन' करून पाहावे. दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर बल्ब किंवा मीटरशी छेडछाड झाल्याचा संशय घ्यावा. नंतर स्कॅनरवर 'रेडिनेस' पाहावे. बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसल्या, तर मेमरी नुकतीच पुसली गेली आहे किंवा बॅटरी काढली गेली आहे, असे समजावे. अशी गाडी काही दिवस चालवून पुन्हा तपासल्याशिवाय सौदा करू नये.

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. लोकांना दिसावे म्हणून ते वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यापैकी नाही, असे बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. दिवा पुसून गाडी विकणे म्हणजे ओल्या धान्यावर कोरडे धान्य पसरणेच होय.

कारागीर बंधूंना आमची एकच विनंती आहे. एक बरा स्कॅनर घ्यावा, शागीर्दांना तो वाचायला शिकवावे आणि कोड, केलेली तपासणी व बदललेला पार्ट बिलावर लिहून द्यावा. जुना पार्टही गिऱ्हाइकाच्या हाती ठेवावा. गाडी ही आपल्याकडे सोपविलेली अमानत आहे. ती सांभाळणाऱ्याच्या रोजीत बरकत असते आणि त्याचे गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही.