बेपत्ता म्हणजे नेमकं काय? सावित्री नदी, केळशीची पुळण आणि भाऊसाहेबांचा तोतया

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही देतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले "म्हणजे बघा ना" तेवढे काढलेत.

गेल्या महिन्यात खूप जणांची एकच फर्माईश होती. "दादा, एखादी न सुटलेली बेपत्ता माणसाची केस घे ना, मजा येईल." खरं सांगतो, असे एपिसोड मीही लोकलमध्ये कानात इयरफोन घालून ऐकतो. पण या वेळी 'मजा' या शब्दाशी अडलो. कारण माझं आजोळ केळशीचं. दापोली तालुक्यात, भारजा नदी जिथे समुद्राला मिळते तिथे. आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये त्या किनाऱ्यावर 'बेपत्ता' हा शब्द कसा जगतात ते मी थोडंफार पाहिलंय.

म्हणून आज कुणी कुणाला पळवलं याची गोष्ट नाही. माणूस सापडतच नाही तेव्हा घर काय करतं, गाव काय करतं, कायदा काय म्हणतो, आणि आपण फोनवाले त्यात काय घोळ घालतो, हे बघूया.

सावित्रीवरची रात्र

२ ऑगस्ट २०१६. धो धो पाऊस. महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरचा जुना, ब्रिटिशकालीन दगडी पूल रात्री पुरात कोसळला. अंधारात दोन एसटी बस पाण्यात गेल्या. एक जयगड-मुंबई, दुसरी राजापूर-बोरिवली. दोन्ही रत्नागिरी जिल्ह्यातून निघालेल्या. आणखी एक खासगी गाडीही गेली. म्हणजे गणपतीच्या आधी मुंबईला परतणारी, कामाला जाणारी, आपली नेहमीची कोकणातली माणसं.

शोधाला एनडीआरएफ आली, नौदलाचे पाणबुडे आले, तटरक्षक दल आलं. क्रेनला भलंमोठं लोहचुंबक बांधून नदीत सोडलं. तरी पहिल्या बसचा सांगाडा सापडायला आठवडा उलटून गेला.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. सावित्री महाडवरून पुढे पश्चिमेला जाते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. खाडीच्या उत्तरेला हरिहरेश्वर, दक्षिणेला बाणकोट. बाणकोटवरून किनाऱ्याने खाली आलं की वेळास, मग केळशी, मग आंजर्ले, हर्णै. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. त्यामुळे खाडीतून बाहेर पडलेलं काहीही खाली सरकत जाण्याची शक्यता जास्त. आणि तसंच झालं. काही मृतदेह हरिहरेश्वरला मिळाले, तर काही थेट आंजर्ल्याच्या किनाऱ्याला, अपघाताच्या जागेपासून कितीतरी लांब.

केळशी या दोघांच्या मधे. मामा तेव्हा फोनवर सांगायचा, सकाळी पुळणीवर जाणारा प्रत्येक माणूस आधी पाण्याच्या रेषेकडे बघतो. ओंडका दिसला तरी काळजात धस्स होतं. आजी म्हणायची, "समुद्र कुणाचं ठेवत नाही रे, आणून टाकतो." किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांत हे वाक्य ऐकू येतं. पण त्या वेळी समुद्राने सगळं परत केलं नाही. काही माणसं आजवर सापडलेली नाहीत.

नवा पूल मात्र १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुलाही झाला. चांगलंच झालं. पण पूल नव्याने बांधता येतो. ज्यांच्या घरचं माणूस मिळालंच नाही, त्यांच्यासाठी ती रात्र तशीच उभी राहते.

'नाही' आणि 'माहीत नाही'

मी दिवसभर कोड लिहितो. आमच्या डेटाबेसमध्ये एक साधी गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात. रकान्यात 'शून्य' असणं वेगळं आणि रकाना 'रिकामा' असणं वेगळं. शून्य म्हणजे उत्तर मिळालं, ते शून्य आहे. रिकामा म्हणजे उत्तरच मिळालेलं नाही. रिकाम्याला शून्य धरलं की हिशोब चुकतो.

माणूस गेला हे कळलं की घर रडतं, दहावं-बारावं होतं, शेजारी येऊन बसतात, पिठलं-भात आणून देतात. दुःखाला एक वाट असते. बेपत्ता माणसाच्या घरी ही वाटच नसते. रडावं तर "आत्ताच कशाला वाईट बोलता" म्हणतात, आणि हसावं तर "हिला काही वाटत नाही का" म्हणतात. बायकोने कुंकू लावायचं की नाही? वर्षश्राद्ध घालायचं कधी? घराच्या दाराला रात्री आतून कडी घालायची की नाही?

पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांवर काम केलं. त्यांनी या अवस्थेला नाव दिलं, त्याचा साधा अर्थ 'धड न कळणारी हानी'. त्यांचं म्हणणं असं की ही माणसं कमकुवत नसतात, त्यांची परिस्थितीच अडकलेली असते. आपल्याकडे शास्त्राने यावर स्वतःचा तोडगा काढलेला होता. बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिला अग्नी द्यायचा, पालाशविधी. देह नाही तर देहाची खूण. तुमचा विश्वास असो-नसो, त्यामागची गरज समजते. कुठेतरी थांबायला जागा लागते.

रिकामी जागा रिकामी राहत नाही

आता जरा मागे जाऊ. बरंच मागे. मराठी इतिहासातली सगळ्यात गाजलेली बेपत्ता केस कुठली? सदाशिवरावभाऊंची.

१४ जानेवारी १७६१, पानिपत. विश्वासराव पडल्यावर भाऊसाहेब घोड्यावर बसून गर्दीत घुसले. नंतर त्यांचा म्हणून एक देह ओळखला गेला, त्याला अग्नीही दिला. पण पुण्यात सगळ्यांची खात्री पटली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई पानिपतावरून जिवंत परतल्या होत्या. त्यांनी वैधव्य कधीच मान्य केलं नाही.

आणि मग काही वर्षांनी एक माणूस उगवला. "मीच भाऊ!" चौकशी झाली, तो सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण निघाला. त्याला कैदेत टाकलं. फिरत फिरत तो आला रत्नागिरीच्या किल्ल्यात. १७७६ मध्ये तिथला अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यानेच त्याला सोडवलं आणि भाऊ म्हणून पुढे केलं. बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्याकडे गेले, हजारोंची फौज जमली. शेवटी महादजी शिंद्यांना त्याच्यावर जावं लागलं. हा पळून समुद्रमार्गे निघाला, तर राघोजी आंग्र्यांनी पकडला. डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला.

पानिपतानंतर पंधरा वर्षांनी! एवढी माणसं कशी फसली? राजकारण होतंच, परांजप्यांचा स्वार्थही असेल. पण मला वाटतं अजून एक गोष्ट होती. पानिपतावरून कितीतरी घरांत माणूस परतलंच नव्हतं, निरोपही नव्हता. भाऊ परत येऊ शकतात, तर आपलाही येईल. तोतयाने त्या आशेवर दुकान थाटलं.

आज तोतया किल्ले घेत नाही. तो 'तुमचा माणूस अमुक गावात दिसला, पाच हजार पाठवा' असा फोन करतो. देवऋषी होऊन दिशा सांगतो. युट्यूबवर लाल बाणाचा थंबनेल लावून शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. गावात तर हे आणखी वाईट, कारण गावात सगळे एकमेकांना ओळखतात. एकदा कुणावर संशयाचं बोट गेलं की त्याच्या ओटीवर लोक यायचे थांबतात, आणि खरं कधी कळलंच नाही तर ते बोट पिढ्यान्‌पिढ्या खाली येत नाही.

माझीही चूक सांगतो. मध्यंतरी 'मुलगी हरवली आहे' असा मेसेज मी चार ग्रुपवर ढकलला. फोटो, नाव, नंबर सगळं. दोन दिवसांनी कळलं की मेसेज दोन वर्षं जुना, मुलगी कधीच घरी आलेली. तो फोटो मात्र अजून फिरतोय. मी पाठवलेला परत घेता आला नाही.

कायदा काय म्हणतो

आता कामाचं. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एक. चोवीस तास थांबायचा कुठलाही नियम नाही. माणूस हरवल्याचं लक्षात आलं की लगेच पोलिस ठाण्यात 'मिसिंग' नोंदवा आणि नोंदीची प्रत मागून घ्या. मूल १८ वर्षांखालचं असेल तर गुन्हाच नोंदवायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावलंय. तातडीला ११२, मुलांसाठी १०९८, समुद्रात कुणी अडकलं तर तटरक्षक दलाचा १५५४.

दोन. सात वर्षांचा नियम. जुन्या पुरावा कायद्यात तो कलम १०८ होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १११ आहे. ज्यांना एरवी त्या माणसाची खबर लागली असती, त्यांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर जाते. पण सात वर्षं झाली म्हणून दाखला आपोआप घरी येत नाही. सहसा कोर्टात जावं लागतं, आणि तिथे पहिल्या दिवसाची ती 'मिसिंग'ची प्रत लागते.

तीन. हे फार कमी जणांना माहीत असतं. कोर्ट मृत्यू गृहीत धरतं, मृत्यूची तारीख नाही. २००४ मध्ये एलआयसीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. म्हणजे माणूस बेपत्ता झाला म्हणून विम्याचे हप्ते थांबवले तर पॉलिसी बंद पडते आणि नंतर दावा अडकू शकतो. जमेल तसे हप्ते भरत राहा, आणि आधी वकिलाला विचारा.

चार. मोठ्या आपत्तीत सात वर्षं थांबवत नाहीत. २०२१ मध्ये उत्तराखंडात चमोलीच्या पुरानंतर बेपत्तांना मृत धरून दाखले द्यायची खास पद्धत केली गेली. आपल्याकडे १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडच्या इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मातीखालीच राहिली. २३ जुलैला शोध थांबवला आणि त्या ५७ जणांना मृत मानायचं ठरलं. डोंगरच अंगावर आलेला असताना शंकेला जागा फार नव्हती. पण एकटा माणूस एका संध्याकाळी घराबाहेर पडतो आणि येतच नाही, त्याच्या घराला असा शासन निर्णय मिळत नाही. त्यांना सातही वर्षं मोजावी लागतात.

मग आपण काय करायचं?

बेपत्ताचा मेसेज पुढे पाठवण्याआधी तारीख बघा आणि संबंधित पोलिस ठाण्याला एक फोन करा. माणूस सापडला असेल तर तेही तितक्याच ग्रुपवर सांगा. अंदाज बांधून कुणाचं नाव घेऊ नका. आणि गावात असं घर असेल तर "काही कळलं का?" एवढंच विचारून निघून येऊ नका. त्यांना काही कळलेलं नसतं, रोज तेच उत्तर देऊन ती माणसं थकलेली असतात. त्यापेक्षा त्यांच्या कागदपत्रांसाठी दापोलीला एक खेप मारा. बाजारातून काही आणायचंय का ते विचारा. माणसाचं नाव काढून त्याची एखादी आठवण सांगा.

हा भाग लिहिण्याआधी आजीला फोन केला होता. विचारलं, "अजून म्हणतेस का, समुद्र कुणाचं ठेवत नाही?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ठेवतो रे कधी कधी. पण बघत राहायला काय जातंय?"

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि घरी पोचलात की एक मेसेज टाकत जा.