नदीगणिक मासा

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपण म्हणतो. माशांच्या बाबतीत कोसांऐवजी पाणलोट मोजावे लागतात.

अटलांटिकचा सॅमन वाढतो समुद्रात, पण वीण करायला बहुधा आपल्या जन्मनदीतच परततो. त्यामुळे शेजारशेजारच्या नद्यांतील सॅमनमध्येही पिढ्यान्‌पिढ्या जनुकीय वेगळेपण साचत जाते. आपल्या महसीरला तर समुद्राचा रस्ताच नाही. तो गोड्या पाण्यातला; एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचे तर मध्ये डोंगर आडवा.

सात रस्त्यावरच्या माझ्या घरी नळाला येते ते उजनीचे, म्हणजे भीमेचे पाणी. त्याच भीमेच्या खोऱ्यातल्या, पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीरचे वर्णन कर्नल साइक्सने १८३९ साली प्रसिद्ध केले. शास्त्रीय नाव ‘टोर खुद्री’. पुढे धरणे, मैलापाणी आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी यांनी हा मासा विरळ झाला, तेव्हा लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने त्याची कृत्रिम पैदास यशस्वी केली. हे काम मोठेच. तिथले बीज दूरदूरच्या जलाशयांत गेले आणि कावेरीतही सोडले गेले.

पेच इथेच आहे. कावेरीत स्वतःचा, ५० किलोंच्या पुढे जाणारा कुबडा महसीर होता. गळ टाकणारे त्याला शंभराहून अधिक वर्षे ओळखत होते, पण शास्त्रीय ओळख पक्की झाली २०१८ मध्ये: ‘टोर रेमादेवी’. तोवर गळाला लागणाऱ्या माशांच्या नोंदींत निळ्या परांचा पाहुणा वाढत गेला आणि कुबडा जवळजवळ दिसेनासा झाला. आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. वाळूउपसा, धरणे, चोरटी मासेमारी हीही कारणे आहेतच. पण नुसते ‘महसीर’ म्हणून मोजले, तर आकडा वाढतानाच दिसला असता.

हा फरक डोळ्यांना नेहमी दिसत नाही. परांचा छोटा तुकडा कापून त्यातला डीएनए तपासतात. मायटोकॉन्ड्रियातला डीएनए फक्त आईकडून येतो, म्हणून तो मातृवंशाची रेषा दाखवतो. केंद्रकातला डीएनए दोन गटांत संकर झाला का, हे सांगतो. शिवाय मोजक्याच नर-माद्यांपासून हजारो पिल्ले काढली, तर ती सगळी भावंडेच. संख्या फुगते, विविधता आटते. एखादा रोग आला किंवा पाणी तापले, तर तगून राहण्यासाठी लागणारी विविधताच उरलेली नसते.

महाडजवळच्या वाळण कोंडीत महसीर ‘देवाचे मासे’ म्हणून राखले आहेत. ती नदी पश्चिमेला वाहते, भीमा पूर्वेला. उद्या कोणी सद्भावनेने घाटावरचे बीज तिथे सोडले, तर श्रद्धेने राखलेला वंश आपण दानाने पुसून टाकू. म्हणून बीज सोडण्याच्या समारंभात किती लाख, हे विचारण्याआधी मी एवढेच विचारतो: आईबाप कोणत्या नदीचे?